घरच्या वॉर्डाची रंगीत तालीम : होम केअर टीमचा सराव कसा घ्यावा

होम केअरच्या टीमला मी पहिल्यांदा शिकवलं ते एका हॉलमध्ये. टेबलावर डमी, शेजारी नीट मांडलेला ट्रे, भिंतीवर सहा प्लग. सगळ्यांनी सीपीआर (हृदय थांबल्यावर छाती दाबून करायचा जीवरक्षक उपचार) छान केला, सगळे पास झाले. पंधरा दिवसांनी त्यांच्यातल्याच दोघांना घेऊन एका सहकाऱ्याच्या दोन खोल्यांच्या घरात तोच प्रसंग पुन्हा केला. पलंगाजवळ एकच प्लग, त्यात मोबाईलचा चार्जर. सक्शन मशीनची (कफ ओढून काढणाऱ्या यंत्राची) वायर पोचेना. डमी जाड गादीवर होती, त्यामुळे दाब दिला की छातीबरोबर गादीही खाली जायची. रुग्णवाहिकेला पत्ता सांगायची वेळ आली तेव्हा दोघंही एकमेकांकडे बघायला लागले, कारण वॉचमनने बोट दाखवलेल्या जिन्याने ते वर आले होते आणि विंगचं नाव कोणी वाचलंच नव्हतं.

त्या दोघांचे हात तयार होते. तयारी नव्हती ती घराची. म्हणून आता मी सराव घरातच घेते. आपल्याकडे नाटकाची रंगीत तालीम असते ना, खऱ्या नेपथ्यासह आणि खऱ्या वेळेत, तसाच. तो कसा उभा करायचा ते पुढे सविस्तर लिहिते आहे. हे लेखन होम केअर चालवणारे डॉक्टर, नर्सिंगच्या प्रमुख सिस्टर आणि ब्युरोमार्फत माणसं पाठवणाऱ्या संस्था यांच्यासाठी आहे.

इथे होम केअर म्हणजे मालिश किंवा सोबत नव्हे. एरवी ज्याला ॲडमिट केलं असतं अशा पेशंटला घरी शिरेतून अँटिबायोटिक, ऑक्सिजन, मॉनिटर, सक्शन देणं आणि डॉक्टरांनी त्याच्यावर रोज लक्ष ठेवणं, असा अर्थ धरा. अमेरिकेत नोव्हेंबर २०२० मध्ये सरकारी मेडिकेअर योजनेने याला परवानगी दिली तेव्हा दोन अटी ठळक होत्या : दिवसातून किमान दोनदा प्रत्यक्ष भेट, आणि प्रकृती बिघडली तर ३० मिनिटांत मदत पोचवण्याची सोय. आपल्याकडे घरी गंभीर उपचार करण्याचा सर्वात मोठा धडा गडचिरोलीचा आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत प्रशिक्षित आरोग्यदूतांकरवी नवजात बाळांची घरीच काळजी घेतली. त्यात जंतुसंसर्गासाठी इंजेक्शन देण्यापर्यंत सगळं आलं. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नवजात मृत्युदर तिसऱ्या वर्षापर्यंत सुमारे ६२ टक्क्यांनी घटलेला दिसला. घर हे कमी दर्जाचं ठिकाण नाही, पण तिथल्या माणसाला तिथल्याच परिस्थितीत शिकवावं लागतं.

आधी रजिस्टर उघडा

सरावासाठी प्रसंग निवडताना पुस्तक उघडू नका. आपलं कॉल रजिस्टर घ्या आणि गेल्या सहा महिन्यांत रात्री-अपरात्री कशासाठी फोन आले ते लिहून काढा. बहुतेक ठिकाणी यादी अशी निघते : ऑक्सिजन खाली आला, सलाईनचा हात सुजला, राईल्स ट्यूब (नाकातून पोटात जाणारी नळी) पेशंटने ओढून काढली, शुगर उतरली, लघवीचा कॅथेटर अडकला, पेशंट बाथरूममध्ये पडला, लाईट गेली, नातेवाईक भांडले. शेवटच्या दोन गोष्टी प्रशिक्षणात कुठेच नसतात. मी त्या मुद्दाम घेते.

या यादीतून चार-पाच प्रसंग निवडा. प्रत्येकातून शिकायच्या गोष्टी तीनच ठेवा. पाच ठेवल्या तर एकही नीट होत नाही.

घर आणि सामान

कोणाचं रिकामं घर दोन तासांसाठी मिळालं तर उत्तम. नसेल तर ऑफिसच्या एका खोलीत घर उभारा : खरा पलंग आणि जाड गादी, भिंतीला टेकलेलं कपाट, एकच प्लग, चालू टीव्ही. लिफ्ट नसलेली इमारत मिळाली तर सोडू नका. रुग्णवाहिकेची माणसं येईपर्यंत आणि आल्यावर काय होतं हे जिन्याच्या वळणावरच कळतं.

महागडी डमी लागत नाही. सीपीआरची साधी धडापुरती डमी पुरते, पण ती फार हलकी असते. तिला जुना गाऊन घालून त्यात रेतीच्या पिशव्या भरा आणि वजन चाळीस-पन्नास किलोपर्यंत न्या. मग 'पेशंटला चादरीसकट जमिनीवर घ्या' म्हटल्यावर खरा घाम फुटतो. मऊ गादीवर छातीचा दाब वाया जातो, त्यामुळे जमिनीवर घेणं ही घरातली पहिली हालचाल आहे आणि ती दोघांनी मिळून करायला शिकावं लागतं. दाब मिनिटाला १०० ते १२०, खोली ५ ते ६ सेंटिमीटर. हे सगळ्यांना पाठ असतं, चादर कुठे धरायची ते नसतं.

शिरेसाठी जुन्या सलाईनच्या नळीत लाल रंगाचं पाणी भरून ती स्पंजच्या पट्टीत बसवा आणि वरून क्रेप बँडेज गुंडाळा. ट्रॅकिओस्टॉमीतला (श्वासासाठी गळ्याला पाडलेल्या छिद्रातला) घट्ट कफ हवा असेल तर ईसबगोल पाण्यात भिजवून दहा मिनिटं ठेवा, सक्शनच्या नळीत तो खऱ्यासारखाच अडकतो. मॉनिटर नसला तरी चालतं. नाडी, ऑक्सिजन, बीपी, ताप, श्वास हे आकडे मोठ्या कार्डांवर लिहून ठेवा. टीमने ऑक्सिमीटर खरोखर बोटाला लावला तरच कार्ड दाखवा, श्वास पूर्ण मिनिट मोजला तरच श्वासाचा आकडा द्या. ही एक अट पाळली तरी माणसं मोजायला लागतात.

आणि बॅग त्यांची स्वतःची, जशी असेल तशी. सरावाच्या आदल्या दिवशी बॅग लावायला सांगू नका.

सुरक्षेचे नियम, यात सूट नाही

सरावात खरं औषध वापरायचं नाही. रिकाम्या व्हायलमध्ये पाणी भरा, प्रत्येकीवर 'फक्त सरावासाठी' असं लाल चिकटपट्टीवर लिहा, सराव संपल्यावर मोजून परत घ्या आणि दोघांच्या सह्या घ्या. अशी एक व्हायल चुकून खऱ्या बॅगेत गेली तर काय होईल हे वेगळं सांगायला नको. सुया सुरुवातीपासून पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यातच टाकायच्या आणि टोपण परत लावायचं नाही. सराव असला तरी सवय तीच राहते. ऑक्सिजन सुरू असताना खोलीत निरंजन, उदबत्ती, गॅसची शेगडी नको. शेजाऱ्यांना आणि वॉचमनला आधी सांगून ठेवा, नाहीतर कोणीतरी खरोखरच १०८ ला फोन करेल. सराव चालू असताना कोणाला खरंच काही झालं तर 'हे खरं आहे' असं मोठ्याने म्हणायचं, आणि सगळं तिथेच थांबवायचं. हे शब्द सुरुवातीलाच सगळ्यांकडून वदवून घ्या.

एक प्रसंग, मिनिटामिनिटाने

माझा सर्वात जास्त वापरलेला प्रसंग देते. ६८ वर्षांच्या आजी, न्यूमोनिया, घरी तिसरा दिवस. शिरेतून अँटिबायोटिक चालू, कॉन्सन्ट्रेटरवर (हवेतून ऑक्सिजन वेगळा करणाऱ्या विजेच्या यंत्रावर) मिनिटाला ३ लिटर ऑक्सिजन. रात्रीचे सव्वानऊ. घरात एक ब्रदर (पुरुष नर्स), सून, आणि फोनवर मुंबईचा मुलगा. शिकायच्या गोष्टी तीन : ऑक्सिजनचा स्रोत बदलणं, डॉक्टरांना नेमक्या शब्दांत कळवणं, घरच्यांना काम वाटून देणं.

सुरुवातीला सगळं ठीक. रक्तातला ऑक्सिजन ९४ टक्के, नाडी ९६. ब्रदरला नोंद लिहू द्या, त्याचा जीव रमू द्या.

दुसऱ्या मिनिटाला घराचा मेन स्विच बंद करा. खरोखर बंद करा, 'समजा लाईट गेली' असं म्हणू नका. अंधारात मोबाईलचा टॉर्च धरून सिलिंडर जोडणं हा वेगळाच अनुभव आहे. कॉन्सन्ट्रेटर अलार्म देऊन थांबतो. सून घाबरून विचारते, "ब्रदर, आईंचं मशीन का बंद पडलं?"

चौथ्या मिनिटाला कार्ड बदला : ऑक्सिजन ८८, श्वास २६. सिलिंडर पलंगाखाली असतो, पण तो उघडायची चावी तुम्ही आधीच स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवलेली असते. हे टीमला फसवण्यासाठी नाही. खऱ्या घरांत चावी अशीच कोणीतरी 'नीट' उचलून ठेवलेली असते. ब्रदर स्वतः शोधायला धावतो की आजींजवळ थांबून सूनबाईंना पाठवतो, इथे बारकाईने बघा.

सहाव्या मिनिटाला मुलाचा फोन. आवाज चढलेला, एकामागून एक प्रश्न. भूमिका करणाऱ्याने शिव्या द्यायच्या नाहीत, फक्त फोन ठेवायचा नाही. ब्रदरने "दादा, मी आत्ता आजींना ऑक्सिजन लावतोय, दहा मिनिटांत स्वतः फोन करतो" असं म्हणून फोन खाली ठेवायला शिकलं पाहिजे. सभ्य माणसांना हे फार अवघड जातं.

आठव्या मिनिटाला सिलिंडर सुरू होतो. ५ लिटरवरही ऑक्सिजन ९०, श्वास २८, नाडी ११८, वरचं बीपी १०४, ताप १००.८. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सची 'न्यूज-२' ही, अशा आकड्यांना गुण देऊन गांभीर्य मोजणारी पद्धत टीमला शिकवली असेल तर इथे बेरीज १२ येते. ७ आणि त्यावर म्हणजे तातडी. आता हा प्रश्न फक्त लाईटचा राहिलेला नाही, आजी बिघडत आहेत. पुष्कळ जण इथे चुकतात. सिलिंडर लागला की सुटकेचा नि:श्वास टाकतात आणि डॉक्टरांना फोनच करत नाहीत.

त्यानंतर मी एक हिशेब विचारते : सिलिंडर किती वेळ पुरेल? आपल्याकडे घरी बहुधा येतो तो बी टाइप, भरलेला असताना साधारण १,५०० लिटर. मिनिटाला ५ लिटर म्हणजे ३०० मिनिटं, पाच तास. काटा अर्ध्यावर असेल तर अडीच तास. रुग्णवाहिका यायची आणि वाटेत ट्रॅफिक, हे धरून त्यातले किती आपल्या हातात आहेत? हा भागाकार अंधारात, घाबरलेल्या सुनेसमोर करता आला पाहिजे. ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी सिलिंडरवरच तक्ता चिकटवा. त्यात कमीपणा काहीच नाही.

पंधराव्या मिनिटाला थांबा. शेवट गोड करायची गरज नाही, पण डमीला मारूही नका. पेशंट सरावात दगावला की माणसं पुढच्या वेळी यायला घाबरतात.

फोनवर चार वाक्यं

डॉक्टरांची भूमिका खऱ्या डॉक्टरांनीच करावी, आणि तीसुद्धा दुसऱ्या ठिकाणाहून खऱ्या फोनवर. खोलीच्या कोपऱ्यात उभे असलेले डॉक्टर पेशंट बघतातच, मग सांगण्याचा सराव होत नाही. मध्येच एकदा फोन कट करा. रेंज नसलेली घरं आपल्याला चांगली माहीत आहेत.

कळवण्याची पद्धत चार वाक्यांत बसवा : मी कोण आणि आत्ता काय झालंय, पेशंट कोण आणि कशासाठी घरी आहे, आकडे काय आहेत आणि मला काय वाटतं, मला तुमच्याकडून काय हवंय. उदाहरणार्थ : "सर, मी ब्रदर बोलतोय, कोथरूडच्या आजींकडून, त्यांचा ऑक्सिजन घसरतोय. न्यूमोनिया, तिसरा दिवस, लाईट गेल्यावर सिलिंडरवर घेतलंय. ५ लिटरवर ९०, श्वास २८, नाडी ११८, बीपी १०४, मला त्या बिघडताना वाटतायत. हलवायचं का ते आत्ता सांगा, मी १०८ ला फोन लावायला तयार आहे."

शेवटचं वाक्य सर्वात कठीण. आपल्याकडे सिस्टर-ब्रदर "सर, पेशंट थोडा कसातरी करतोय" एवढं सांगून गप्प होतात, कारण डॉक्टरांना काय करा ते सांगणं आगाऊपणा वाटतो. म्हणून डॉक्टरांनाही या सरावात शिकायचं असतं : आकडे परत म्हणून दाखवणं आणि "फोन केलात ते बरं केलंत" असं म्हणणं, कॉल गरजेचा नव्हता असं नंतर कळलं तरीही.

नंतरचं बोलणं

प्रसंग पंधरा मिनिटांचा असेल तर बोलायला तीस मिनिटं ठेवा. खरं शिकणं इथेच होतं आणि घाईत नेमकी हीच वेळ कापली जाते. गोल बसा, चहा मागवा. सर्वात कनिष्ठ माणसाने आधी बोलायचं. मावशी किंवा अटेंडंट असतील तर पहिला शब्द त्यांचा. डॉक्टर एकदा बोलले की बाकीचे नुसती मान हलवतात.

'चूक कोणाची' हा प्रश्न विचारू नका. जे पाहिलं ते सांगा, आपल्याला काय वाटलं ते सांगा, मग समोरच्याच्या मनात काय होतं ते विचारा. एका सरावात ब्रदर लाईट गेल्यावर दोन मिनिटं प्लग, बटण, एक्स्टेन्शन हेच तपासत राहिले. मी म्हटलं, "ब्रदर, तुम्ही दोन मिनिटं मशीनपाशी होता आणि आजींचा ऑक्सिजन खाली येत होता. मला काळजी वाटली. तेव्हा डोक्यात काय चाललं होतं?" ते जरा थांबून म्हणाले, "मॅडम, मला वाटलं मशीन माझ्या हातून बिघडलं. भरपाई पगारातून कापतात."

खोलीतल्या कोणालाच ते माहीत नव्हतं. ऑक्सिजनवर आणखी दहा व्याख्यानं दिली असती तरी ती दोन मिनिटं वाचली नसती. त्या संस्थेने पुढच्याच आठवड्यात लेखी कळवलं की यंत्र बिघडलं तर कर्मचाऱ्याच्या पगाराला हात लागणार नाही. पुढच्या सरावात तेच ब्रदर लाईट जाताच सरळ सिलिंडरकडे वळले.

बोलण्याच्या शेवटी बदलायच्या दोनच गोष्टी कागदावर लिहा आणि प्रत्येकीपुढे नाव आणि तारीख घाला. आमच्याकडे निघालेल्या गोष्टी साध्या होत्या : चावी सिलिंडरच्या मानेला दोरीने बांधणं, बॅगेत एक्स्टेन्शन बोर्ड आणि डोक्याला लावायचा टॉर्च ठेवणं.

आणखी तीन प्रसंग, थोडक्यात

अँटिबायोटिकची रिॲक्शन. औषध सुरू होऊन पाच मिनिटांत अंगावर पित्त, घशात घरघर, बीपी खाली. ठिबक थांबवणं, शिरेतली नळी तशीच ठेवणं आणि डॉक्टरांच्या आधीच दिलेल्या लेखी आदेशाप्रमाणे मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत अॅड्रेनॅलिन. प्रौढांसाठी ०.५ मिलिग्रॅम. घरातला खास धोका म्हणजे नातेवाईक पेशंटला लगेच उठवून जिन्याने खाली न्यायला बघतात. या अवस्थेत उभं केलं तर बीपी कोसळून जीव जाऊ शकतो. आडवं ठेवा, धाप असेल तर टेकवून बसवा, पण चालवू नका. नातेवाईकाची भूमिका करणाऱ्याला "चला, गाडी खाली तयार आहे" असा हट्ट धरायला सांगा.

ट्रॅकिओस्टॉमीची नळी तुंबणं. आतली नळी काढणं, सक्शन (एका वेळी दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त नाही), तरीही हवा जात नसेल तर मदत बोलावणं आणि नळीच बदलण्याची तयारी. हा सराव पलंगाशेजारी जादा नळी, त्याच मापाची आणि एक माप लहान, आहे का हे बघून सुरू होतो. नसेल तर तिथेच थांबा आणि आधी नळी आणा.

तिसरा प्रसंग औषधाचा नाही. अखेरच्या टप्प्यातल्या पेशंटला हॉस्पिटलमध्ये न्यायचं नाही असं कुटुंबाने डॉक्टरांसोबत बसून ठरवलंय, आणि गावाहून आलेले काका म्हणतात, "इथे मरायला सोडताय का?" सिस्टर मधे अडकतात. वाद जिंकायचा नाही, काकांना बसवून पाणी द्यायचं, ठरलेला कागद कुठे आहे ते माहीत असायला हवं आणि डॉक्टरांशी त्यांचं बोलणं लावून द्यायचं. हा सराव झाल्यावर सिस्टर रडल्या तर रडू द्या. प्रत्येकीकडे अशी एक खरी आठवण असतेच.

किती वेळा

वर्षातून एकदा मोठा कार्यक्रम आणि प्रमाणपत्र यापेक्षा महिन्याला एक छोटा सराव कितीतरी चांगला. सीपीआरसारखी कौशल्यं काही महिन्यांतच विरायला लागतात. ड्युटी बदलायच्या वेळी, दोन शिफ्टची माणसं एकत्र असताना वीस मिनिटं मिळतात, ती वापरा. आणि त्या वेळेचा पगार द्या.

प्रगती मोजायला तीन घड्याळं पुरतात : बिघाड दिसल्यापासून पहिला फोन किती मिनिटांनी, ऑक्सिजन किंवा पहिलं औषध किती मिनिटांनी, १०८ ला पूर्ण पत्ता किती सेकंदांत सांगता आला. तारखेसह वहीत लिहा. माणसांची नावं लिहू नका, नाहीतर ती वही परीक्षेची होते.

घरच्यांसोबतची पाच मिनिटं

टीम तयार झाली की शेवटची पायरी म्हणजे पेशंट घरी येतो त्या पहिल्याच दिवशी घरच्यांसोबत छोटी तालीम. पेशंटची परवानगी घ्या, शक्यतो त्यांच्यासमोरच करा. आजारी माणसाला पलीकडच्या खोलीतली कुजबुज जास्त घाबरवते. सूनबाईंना सिलिंडर उघडून दाखवायला सांगा. 'समजलं का' असं विचारू नका, हाताने करून बघू द्या. नातवाला खाली उभं राहून लिफ्ट धरून ठेवायचं काम द्या, मुलं ते फार मनापासून करतात. मग घरातल्या कोणीतरी १०८ ला सांगतोय असं समजून पत्ता मोठ्याने म्हणायचा : इमारत, विंग, मजला, लिफ्ट आहे की नाही, जवळची खूण. तोच कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दाराच्या आतल्या बाजूला लावायचा.

सदाशिव पेठेतल्या एका घरी मुलगा खूण म्हणून "मारुतीच्या देवळासमोर" असं सांगत होता. पलंगावरून आजोबांनी ऑक्सिजनची नळी जरा बाजूला केली आणि म्हणाले, "अरे, मारुती दोन आहेत या गल्लीत. पिठाच्या गिरणीवर, असं सांग." सिस्टरने कागद खाली काढला, मारुती खोडला आणि गिरणी लिहिली.